रोपवॉक : जहाजाच्या दोराशी निगडित एक जुनी संज्ञा आणि तिचे स्थलनाम

प्रस्तावना :

स्थलनामे ही इतिहासाची दुय्यम साधने मानली जातात. ताम्रपट, शिलालेख, बखरी, कागदपत्रे यांच्या तुलनेत गल्लीच्या नावाला फारसे वजन दिले जात नाही. तथापि ज्यांनी लेख कोरले नाहीत, ज्यांच्या नावे सनदा निघाल्या नाहीत, अशा श्रमिकांचा इतिहास शोधताना पुष्कळदा गल्लीचे नावच शेवटचा पुरावा म्हणून उरते. कुंभारवाडा, लोहार चाळ, तांबट आळी, धोबी तलाव या नावांनी मुंबई-पुण्याच्या उद्योगांचा जो आलेख जपला आहे, तो कोणत्याही दप्तरात इतक्या सहजपणे सापडत नाही.

मुंबईच्या कोट भागात, काळा घोडा परिसरात, 'रोपवॉक लेन' या नावाने ओळखली जाणारी एक आखूड गल्ली आहे. या गल्लीचे अधिकृत नाव साईबाबा मार्ग असे आहे. परंतु जुने नाव व्यवहारात अजून टिकून आहे. मराठी वाचकाला 'रोपवॉक' हा शब्द ऐकून डोंबाऱ्याच्या कसरतीची किंवा फार तर डोंगरावर जाणाऱ्या रोपवेची आठवण होते. प्रत्यक्षात या शब्दाचा दोरीवरून चालण्याशी काहीही संबंध नाही. तो शिडाच्या जहाजांच्या युगातील, दोर वळण्याच्या जागेचा वाचक असा एक सागरी-औद्योगिक शब्द आहे.

प्रस्तुत निबंधात या संज्ञेचा मूळ अर्थ, मुंबईच्या गोदीशी असलेला तिचा संबंध, तिचे स्थलनामात झालेले रूपांतर आणि नामांतराच्या संदर्भात तिचे महत्त्व यांचा विचार केला आहे. किनाऱ्यावरील या दोराची तुलना हडपसरसारख्या घाटावरील शेतीप्रधान परिसरातील दोराशी केल्यास श्रमाचे नाव कोठे टिकते आणि कोठे टिकत नाही, या प्रश्नावर काही प्रकाश पडतो. ही तुलना हा निबंधाचा दुसरा हेतू आहे.

उद्दिष्टे :

१) 'रोपवॉक' या संज्ञेचा अर्थ दोर वळण्याच्या प्रत्यक्ष कृतीच्या आधारे स्पष्ट करणे.
२) अठराव्या शतकातील मुंबईच्या गोदीत दोरनिर्मितीचे स्थान काय होते, हे पाहणे.
३) या संज्ञेपासून बनलेल्या स्थलनामाची जगातील समांतर नावांशी तुलना करणे.
४) व्यक्तिवाचक, जातिवाचक आणि श्रमवाचक नावे यांतील भेद नामांतराच्या संदर्भात तपासणे.

संज्ञेचा अर्थ आणि कामाची रीत :

दोर वळण्याचे तत्त्व सर्वत्र एकच आहे. तंतू एका दिशेने पिळून सूत करायचे, अनेक सुते एकत्र घेऊन उलट दिशेने पिळून पेड करायचा आणि तीन किंवा चार पेड पुन्हा उलट दिशेने वळून दोर सिद्ध करायचा. प्रत्येक टप्प्यावर पिळाची दिशा बदलते. एका टप्प्याचा पीळ उलगडू पाहतो, तोच दुसऱ्या टप्प्याचा पीळ घट्ट करतो. केवळ या परस्परविरोधामुळे सुटे, आखूड तंतू शेकडो फूट लांबीच्या आणि टनावारी ओझे पेलणाऱ्या दोरात बांधले जातात.

गावगाड्याला लागणारा दोर एखाद्या झाडाखाली किंवा घराच्या अंगणात वळता येतो. जहाजाच्या दोराचे तसे नाही. नांगराचा दोर समुद्रात सांधा देऊन वाढविणे धोक्याचे असते, म्हणून तो शक्यतो अखंड हवा. इंग्रजी आरमारात नांगराच्या दोराची लांबी वावांत मोजली जाई व ती शंभर वावांच्या पुढे असे. शिवाय वळताना सुताची लांबी सुमारे एक तृतीयांशाने घटते. याचा अर्थ असा की, सातशे फुटांचा दोर हवा असेल तर हजार फुटांहून अधिक लांबीचे सूत सरळ रेषेत ताणता येईल, अशी जागा हवी. या गरजेतून अतिशय लांब आणि अतिशय अरुंद अशा वास्तूचा जन्म झाला. इंग्लंडमधील चॅथम येथील दोरशाळेची लांबी ३४६ मीटर आहे, तर फ्रान्समधील रोशफोर येथे १६६६ ते १६६९ या काळात बांधलेली राजकीय दोरशाळा ३७४ मीटर लांब आहे.

या वास्तूला इंग्रजीत 'वॉक' म्हणजे चाल का म्हटले गेले, याचे उत्तर कामगाराच्या हालचालीत आहे. सूत कातणारा कामगार कमरेभोवती तागाचा पेळू गुंडाळी. त्याचे टोक तो फिरत्या चाकाच्या आकड्याला अडकवी आणि बोटांनी तंतू सोडत सोडत पाठीमागे चालू लागे. दुसरा कोणी चाक फिरवीत राही. जेवढे अंतर मागे जावे, तेवढे सूत तयार होई. दिवसभरात अशा कित्येक खेपा होत. कामगार पुढे पाहत असे; पण चालत असे मागे. त्याचे पाऊल हेच मापाचे साधन होते. त्या चालण्यावरूनच जागेला नाव मिळाले. म्हणजे 'रोपवॉक' या शब्दात दोर ही वस्तू आणि तो वळणाऱ्या माणसाची पायपीट अशा दोन्ही गोष्टी सामावल्या आहेत. मराठीत या संज्ञेसाठी 'दोर वळण्याची पडवी' असे म्हणता येईल. परंतु चालण्याचा अर्थ त्यात येत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

शिडाच्या जहाजाला किती दोर लागे, याची कल्पना एका उदाहरणावरून येते. ट्रफाल्गरच्या लढाईत (१८०५) नेल्सनचे निशाण ज्यावर होते त्या 'व्हिक्टरी' या जहाजाच्या डोलकाठ्या, परबाणे व शिडे यांसाठी सुमारे ४२ किलोमीटर लांबीचे दोर लागत. अशा मोठ्या जहाजांच्या नांगराच्या दोराचा घेर दोन फुटांपर्यंत असे. लाकूड, लोखंड आणि कापड यांच्या बरोबरीने दोर हा आरमारी सत्तेचा पाया होता. दोराचा पुरवठा थांबला की गोदीतील सर्वोत्तम जहाजही जागचे हलू शकत नसे.

मुंबईची गोदी आणि तिची दोरशाळा :

१६६८ मध्ये मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. मात्र जहाजबांधणीचे मुख्य केंद्र पुढेही बराच काळ सुरतच होते. १७३५-३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हे कुशल पारशी कारागीर सुरतेहून मुंबईस आले आणि येथील गोदीला नवे रूप मिळाले. १७५० मध्ये येथे सुकी गोदी तयार झाली. वाडिया घराण्याने पुढे शतकाहून अधिक काळ येथे जहाजे बांधली. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे.

गोदीच्या या वैभवाचा इतिहास वाडिया घराण्याच्या व जहाजांच्या नावांनी सांगितला जातो. दोरशाळेचा उल्लेख मात्र क्वचित होतो. या दृष्टीने १७७५ मध्ये मुंबईस आलेला इंग्रज प्रवासी अब्राहम पार्सन्स याचे वर्णन मोलाचे आहे. त्याचा प्रवासवृत्तान्त १८०८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या गोदीचे वर्णन करताना तो येथील दोरशाळेची आवर्जून दखल घेतो. लांबी, जागा आणि सोय या तिन्ही बाबतींत ती इंग्लंडमधील कोणत्याही दोरशाळेच्या तोडीची असून केवळ पोर्ट्समथची राजकीय दोरशाळा तिला अपवाद आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. कामगारांना कोणत्याही ऋतूत काम करता यावे म्हणून तिच्यावर छप्पर होते, असेही तो नोंदवितो. राजाचे आरमार, कंपनीचे आरमार आणि व्यापारी जहाजे या तिघांनाही येथून दोर पुरविला जात असे.

या नोंदीतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, १७७५ पूर्वीच मुंबईत पूर्ण वाढीची, छप्पर असलेली दोरशाळा कार्यरत होती. दुसरी, ती केवळ दुरुस्तीपुरती नव्हती. मोठ्या नांगरदोरापासून बारीक दोऱ्यांपर्यंत सर्व प्रकार तेथे वळले जात. तिसरी गोष्ट नोंदीत काय नाही यावरून लक्षात येते. पार्सन्स इमारतीची थोरवी सांगतो, मालाचे प्रकार सांगतो. पण त्या छपराखाली दिवसभर मागे चालणारी माणसे कोण होती, कोठून आली होती, त्यांना काय मिळत होते, हे सांगत नाही. त्यांचे छप्पर दिसते, चेहरे दिसत नाहीत.

काथ्या : किनाऱ्याचा स्वतःचा तंतू :

युरोपातील दोरशाळा मुख्यत्वे तागवर्गीय तंतूवर चालत. त्याचा मोठा पुरवठा रशियातून होई आणि तो जास्त टिकावा म्हणून त्याला डांबर पाजले जाई. मुंबईच्या दोरशाळेत या तंतूबरोबरच काथ्या, म्हणजे नारळाच्या सोडणाचा तंतू, मोठ्या प्रमाणावर वापरला जात होता. पार्सन्सने याचीही नोंद केली आहे. मलबारच्या किनाऱ्यावरील गावांतून काथ्याचे सूत भरून देशी गलबते मुंबई व सुरत येथे येत आणि माल कितीही असला तरी तो हातोहात खपे. लहान देशी गलबते काथ्याचाच दोर वापरीत, तर मोठी जहाजेही नांगरदोर व इतर दोर यांसाठी त्याचा भरपूर उपयोग करीत.

काथ्याचे गुण समुद्राला अनुकूल असेच आहेत. तो हलका असल्याने तरंगतो, झटका बसला असता ताणला जाऊन पुन्हा आखडतो आणि खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ टिकतो. खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवून तारवे बांधण्याची पद्धत हिंदी महासागरात फार प्राचीन आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने मालदीव बेटांवरील काथ्याच्या व्यापाराचे वर्णन केले आहे. लक्षद्वीप बेटांवरील काथ्याच्या खरेदीवर तर कण्णूरच्या अली राजाने अठराव्या शतकात मक्तेदारी बसविली होती. इंग्रजीतील 'कॉयर' हा शब्दही मलयाळम 'कयर' म्हणजे दोर या शब्दापासून पोर्तुगीजांमार्फत गेलेला आहे.

म्हणजे मुंबईची दोरशाळा ही केवळ विलायतेहून आणलेली वस्तू नव्हती. तिची मांडणी आणि तिचे नाव इंग्रजी होते. परंतु तिच्यातला पुष्कळसा तंतू आणि त्या तंतूविषयीचे ज्ञान या किनाऱ्याचे होते. स्थलनामाचा विचार करताना ही बाब महत्त्वाची ठरते. केवळ शब्द इंग्रजी आहे म्हणून त्यातील इतिहासही परका आहे, असे म्हणता येत नाही.

पुढे युरोपातील युद्धांमुळे रशियन तागाचा पुरवठा अनिश्चित झाला, तेव्हा हिंदुस्थानातील तंतूंचा पद्धतशीर शोध सुरू झाला. जॉन फोर्ब्स रॉइल यांचा हिंदुस्थानातील तंतुमय वनस्पतींवरील ग्रंथ १८५५ मध्ये, क्रिमियन युद्धाच्या काळात प्रसिद्ध झाला. मात्र तोवर दोराचेच युग ओसरू लागले होते. नांगरासाठी लोखंडी साखळी आली होती. जर्मनीतील विल्हेल्म आल्बर्ट याने १८३४ मध्ये लोखंडी तारांचा दोर बनविला होता. १८२९ मध्ये मुंबईच्याच गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० मध्ये सुएझपर्यंत जाऊन आली होती. शिडे गेली, तशी दोरांची मागणी घटली. दोरशाळांचे लांबच लांब पट्टे शहरांच्या मध्यभागी निरुपयोगी होऊ लागले.

संज्ञेचे स्थलनाम झाले :

कोणतीही संज्ञा स्थलनाम बनते, तेव्हा तिचा अर्थ दोन टप्प्यांत बदलतो. पहिल्या टप्प्यात ती जागेचे वर्णन करते; 'रोपवॉककडची गल्ली' म्हणजे जेथे खरोखर दोर वळले जातात तिच्याकडची गल्ली. दुसऱ्या टप्प्यात ती वस्तू नाहीशी होते आणि केवळ नाव उरते. मुंबईच्या रोपवॉक लेनने हे दोन्ही टप्पे पाहिले आहेत. ही गल्ली जुन्या कोटाच्या दक्षिणेकडील भागात, गोदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८६२ पासून बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडण्यात आले आणि या परिसराचे स्वरूप पालटले. दोरशाळा गेली, तट गेला; राहिली ती नावे.

या परिसरातील शेजारची नावे पाहिली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. कोटाच्या तटाची आठवण देणारे 'रॅम्पार्ट रो' हे नाव बदलून तेथे के. दुबाश मार्ग झाला. येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. 'दुबाश' हे आडनाव दुभाष्या या शब्दापासून आले असून मुंबई बंदरात जहाजांना सामानसुमान पुरविणाऱ्या मध्यस्थ व्यापाऱ्यासही दुबाश म्हणत. त्यामुळे तटाचे नाव गेले तरी बंदराची खूण नव्या नावात नकळत उतरली. 'फोर्ब्स स्ट्रीट'चे डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग झाले. तेथे एका व्यक्तीच्या जागी दुसरी व्यक्ती आली. रोपवॉक लेनच्या बाबतीत मात्र एका कामाच्या जागी व्यक्तीचे नाव आले.

काळा घोडा हे नाव तर याहूनही बोलके आहे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राच्या, १८७९ मधील अश्वारूढ पुतळ्यावरून ते पडले. लोकांनी स्वाराचे नाव न घेता घोड्याचे घेतले. १९६५ मध्ये पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या उद्यानात नेण्यात आला, तरीही नाव राहिले. २०१७ मध्ये तेथे स्वार नसलेल्या घोड्याचा नवा पुतळा उभारला गेला. नावाने वस्तूला परत आणल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

जगातील समांतर नावे :

दोरशाळेवरून पडलेली नावे अनेक बंदरांत आढळतात. जर्मनीतील हँबुर्ग शहराची 'रीपरबान' ही रस्त्याची ओळख जगभर झाली ती तेथील रात्रजीवनामुळे. पण तिचा शब्दशः अर्थ 'दोर वळणाऱ्यांची वाट' असाच आहे. लंडनच्या पूर्व भागातील 'केबल स्ट्रीट' हे नाव जहाजांच्या जाड दोरांवरून पडले. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी फॅसिस्टांचा मोर्चा येथील रहिवाशांनी रोखला आणि नंतर हे नाव त्या संघर्षाचे प्रतीक बनले. या दोन्ही ठिकाणी नाव टिकले. परंतु त्यातला दोर मात्र विस्मरणात गेला.

दुसऱ्या बाजूस रोशफोरची दोरशाळा दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये जाळली गेल्यानंतर पुन्हा उभारण्यात आली व आज तेथे सागरी संस्कृतीचे केंद्र आहे. चॅथमच्या दोरशाळेत आजही जुन्या यंत्रांवर दोर वळला जातो. या उदाहरणांवरून असे म्हणता येते की, नाव टिकणे ही स्मृती टिकण्याची आवश्यक अट आहे. पुरेशी अट नाही. नावाबरोबर त्याचा अर्थ सांगणारे काही तरी, मग ते संग्रहालय असो वा भिंतीवरील एक फलक, असावे लागते.

'केबल' या शब्दाचा प्रवास याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. मुळात जहाजाच्या जाड दोराचा वाचक असलेला हा शब्द पुढे समुद्रतळावरील तारेला लागला. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या जहाजाने मुंबई ते एडन अशी तार समुद्रात टाकली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तोच शब्द दूरचित्रवाणीच्या वाहिन्या घरोघर पोहोचविणाऱ्या तारेसाठी रूढ झाला आणि 'केबलवाला' हा मराठी शब्दही तयार झाला. २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतूही केबलच्याच आधाराने तोलला आहे. हडपसरच्या सोसायटीत महिन्याचे केबलचे पैसे देताना आपण जहाजाच्या नांगरदोराचे नाव घेत आहोत, याची जाणीव कोणाला असण्याचे कारण नाही. शब्द पुढे जातात, ते असे मागचे ओझे उतरवूनच.

घाटावरचा दोर : हडपसर परिसराच्या संदर्भात :

हडपसर हे पुणे-सोलापूर मार्गावरील गाव समुद्रापासून दूर असले तरी समुद्राशी त्याचा एक ऐतिहासिक धागा जोडलेला आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरनजीक यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्यानंतर दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला, महाड व सुवर्णदुर्गमार्गे समुद्रात गेला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईस पोहोचला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. हडपसरच्या मैदानावर हरलेली लढाई राज्याच्या स्वातंत्र्यावर बेतली, ती समुद्रावर इंग्रजांची जहाजे सज्ज होती म्हणून. या सज्जतेच्या मागे मुंबईची गोदी होती आणि गोदीच्या मागे दोरशाळा होती. आरमारी सत्तेचा इतिहास केवळ तोफांनी सांगता येत नाही, तो या कारणाने.

घाटावरील दोराची सृष्टी मात्र वेगळी होती. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण होऊन मुठा उजव्या कालव्याचे पाणी हडपसरकडे वाहू लागण्यापूर्वी, आणि विहीर-बागाईतात त्यानंतरही कित्येक दशके, शेती मोटेवर अवलंबून होती. मोटेचे सर्व वजन पेलणारा जाड दोर तो नाडा आणि मोटेची सोंड वर-खाली करणारा बारीक दोर तो सोंदूर. बैलाला कासरा, गाईला दावे, ओझ्याला चऱ्हाट, टांगायला शिंके असा प्रत्येक दोराला स्वतंत्र शब्द होता. ताग, अंबाडी, घायपात यांच्या तंतूंपासून हे दोर वळले जात. १८३१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात यांतील अनेक शब्दांची नोंद आहे.

हे दोर वळण्याचे काम गावगाड्यात मातंग समाजाकडे होते. दोर, दावे, नाडे पुरविण्याच्या बदल्यात सुगीला बलुते मिळे. वळण्याची क्रिया मुंबईच्या दोरशाळेतल्यासारखीच. एकाने चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने तंतू सोडत मागे सरकायचे. नाड्यावाचून मोट चालत नव्हती आणि मोटेवाचून मळा पिकत नव्हता. तरीही या कसबाचे नाव कोणत्याही वाटेला, पेठेला वा चौकाला 'दोरवाट' म्हणून मिळाले नाही. नाव मिळाले ते वस्तीला, आणि तेही कसबाचे नव्हे तर जातीचे. वस्ती गावाबाहेर आणि नाव हिणविण्यासाठी, अशी ही व्यवस्था होती.

किनाऱ्यावरही या भेदाची एक छटा दिसते. जहाजावरील सारंग, तांडेल, नाखवा ही अधिकारपदे होती. ती पुढे सन्मानाने आडनावे बनली आणि आजही कोकण व मुंबईत ती प्रचलित आहेत. हुकूम देणाऱ्याचे पद नावात टिकले. ज्याच्या दोरावर शीड चढे त्याचे कसब अशा रीतीने टिकलेले दिसत नाही. इंग्रजीतील 'रोपर' किंवा जर्मनमधील 'झायलर' ही दोर वळणाऱ्यांची आडनावे पाहिली म्हणजे हा फरक अधिक जाणवतो.

नामांतराचा प्रश्न :

स्वातंत्र्यानंतर रस्त्यांची नावे बदलण्याची जी प्रक्रिया सुरू झाली, तिच्यामागील भूमिका समजण्यासारखी आहे. परकीय गव्हर्नरांची नावे आपल्या रस्त्यांवर का असावीत, हा प्रश्न रास्त होता. तथापि या प्रक्रियेत नावांचे तीन प्रकार वेगळे केले गेले नाहीत.

पहिला प्रकार व्यक्तिवाचक नावांचा. सत्ताधाऱ्याने स्वतःचे वा आपल्या पूर्वसुरींचे नाव दिलेले असते. सत्ता बदलली की ते बदलणे स्वाभाविक आहे.

दुसरा प्रकार जातिवाचक नावांचा. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. या नावांतही श्रमाचा इतिहास दडलेला होता, असा आक्षेप कोणी घेऊ शकेल. परंतु तो टिकणारा नाही. त्या नावांनी कसबाची आठवण ठेवली नाही. त्यांनी माणसाला त्याच्या जन्मात बांधून ठेवले. ज्याला ते नाव रोज पत्त्यात लिहावे लागते, त्याच्या अपमानाची किंमत देऊन इतिहास जपता येत नाही. तेथे नाव बदलणे हेच न्यायाचे आहे आणि कसबाची नोंद इतिहासग्रंथांत, कोशांत व संग्रहालयांत करणे हे अभ्यासकांचे काम आहे.

तिसरा प्रकार श्रमवाचक नावांचा. 'रोपवॉक' हा या प्रकारात मोडतो. हे नाव कोणा गव्हर्नराचे नाही, कोणा जातीचेही नाही. ते एका कामाचे आणि त्या कामातील चालीचे नाव आहे. ते परक्या भाषेत असले तरी त्यातील पावले येथल्या माणसांची होती. पहिल्या प्रकाराशी गल्लत होऊन ते पुसले जावे, ही खरी हानी होय. नव्या नावाविषयीच्या श्रद्धेला बाधा न आणता जुन्या नावाचा अर्थ त्याच ठिकाणी सांगता येणे शक्य आहे. येथे जहाजांचे दोर वळणारे कामगार चालत असत, एवढे एक वाक्य मराठीत भिंतीवर लिहिले तरी गल्लीचा इतिहास वाचता येईल.

निष्कर्ष :

१) 'रोपवॉक' ही संज्ञा दोरीवरील कसरतीची नसून जहाजांचे दोर वळण्याच्या लांबट जागेची आहे. तिच्यातील 'चाल' ही कामगाराच्या मागे चालण्याची आहे.

२) १७७५ पर्यंत मुंबईच्या गोदीत इंग्लंडमधील दोरशाळांच्या तोडीची दोरशाळा अस्तित्वात होती आणि तिच्यात परदेशी तंतूबरोबर मलबारचा काथ्या मोठ्या प्रमाणात वापरला जात होता. त्यामुळे हे नाव इंग्रजी असले तरी त्यामागील उद्योग पश्चिम किनाऱ्याच्या अर्थव्यवस्थेत रुजलेला होता.

३) हँबुर्ग व लंडन येथील उदाहरणांवरून केवळ नाव टिकल्याने स्मृती टिकत नाही, तर रोशफोर व चॅथम येथील उदाहरणांवरून अर्थासह जपलेले नाव इतिहासाचे जिवंत साधन बनते, असे दिसून येते.

४) हडपसरसारख्या घाटावरील परिसरात दोराचे महत्त्व किनाऱ्याइतकेच असूनही दोर वळण्याचे कसब स्थलनामात उतरले नाही, त्याऐवजी जातीचे नाव वस्तीला चिकटले. हा फरक तंत्राचा नसून समाजरचनेचा आहे.

५) नामांतराच्या धोरणात व्यक्तिवाचक, जातिवाचक आणि श्रमवाचक नावे यांचा स्वतंत्र विचार व्हावा. पहिली बदलता येतील, दुसरी बदललीच पाहिजेत. तिसरी मात्र बदलण्यापूर्वी त्यांचा अर्थ नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

दोर वळणाऱ्याच्या नशिबी मागे चालणे होते, परंतु त्याच्या त्या मागे पडणाऱ्या पावलांवरच जहाजे पुढे जात होती. मुंबईच्या एका आखूड गल्लीच्या नावात ही पावले अजून उमटलेली आहेत. ती वाचली जावीत, एवढी जबाबदारी स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांवर येते.